‘फॉरमॅट मारा लागते’

बुलढाणा जिल्ह्यातील तेराही तालुक्यांच्या गावी, बहुधा बसस्थानकाच्या आसपास आणि झेरॉक्सच्या दुकानाला खेटून, संगणक दुरुस्त करणारा एक गृहस्थ आढळतो, ज्याला गिऱ्हाईक ‘कॉम्प्युटरवाला भाऊ’ म्हणते, ज्याच्या पाटीवर ‘हार्डवेअर ॲण्ड नेटवर्किंग’ अशी भारदस्त अक्षरे असतात आणि ज्याच्या निदानशास्त्रात रोग पुष्कळ असले तरी औषध एकच आहे. गाव चिखली असो, मेहकर असो, मलकापूर असो की खामगाव, या गृहस्थाची लक्षणे फारशी बदलत नाहीत. त्यामुळे व्यक्तीपेक्षा वर्ग म्हणून त्याचा विचार करणेच सोयीचे ठरते. या वर्गाचा सुवर्णकाळ ढोबळमानाने २००५ ते २०१६ असा धरता येतो, कारण २००५ साली बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर सिनेमा संगणकातून उठून खिशात गेला.

त्याची सामग्री मोजकी असते. खिशात चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर, काउंटरवर धूळ झटकायचा रंगाचा ब्रश, चेनच्या पाकिटात मार्करने ‘एक्सपी नवीन’, ‘एक्सपी नवीन चालू’ आणि ‘ऑल ड्रायव्हर’ असे लिहिलेल्या सीडी, आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे एक शाळकरी खोडरबर. संगणक सुरूच होत नसेल, तर रॅमची, म्हणजे चालू कामापुरती माहिती धरून ठेवणाऱ्या स्मरणपट्टीची, सोनेरी टोके तो या खोडरबराने घासतो, पट्टी पुन्हा खाचेत दाबून बसवतो, आणि संगणक खरोखरच सुरू होतो. टोकांवरचा मळ निघाल्याने विद्युतसंपर्क पुन्हा जुळतो, ही यामागची निखळ भौतिकशास्त्रीय बाब आहे. कॅबिनेटच्या झाकणाला कारखान्यातून येताना चार स्क्रू असतात, पहिल्या दुरुस्तीनंतर दोन आणि तिसऱ्या दुरुस्तीनंतर एक. उरलेले कुठे जातात, या प्रश्नाकडे संशोधकांनी अद्याप लक्ष दिलेले नाही.

या गृहस्थाचे कर्तृत्व समजण्यासाठी त्या काळी संगणक हमखास गोठवणाऱ्या एका वस्तूची, म्हणजे फाइल-वाटप करणाऱ्या सॉफ्टवेअरची, माहिती आवश्यक आहे. १९९९ साली अमेरिकेत शॉन फॅनिंग या तरुणाने ‘नॅप्स्टर’ काढले आणि लोकांना एकमेकांच्या संगणकातली गाणी परस्पर उतरवून घेण्याची सोय करून दिली; २००१ मध्ये न्यायालयीन लढाईपायी ते बंद पडले, पण तोवर ‘लाइमवायर’ आणि ‘काझा’ यांनी जागा घेतली होती. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन याने ‘बिटटोरंट’ ही पद्धत मांडली, जिच्यात मोठ्या फाइलचे लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या अनोळखी संगणकांकडून येतो, आणि उतरवून घेणारा स्वतःही त्याच वेळी आलेले तुकडे इतरांना पाठवत असतो. २००५ साली आलेले ‘यूटोरंट’ सुरुवातीला इतके आटोपशीर होते की फ्लॉपीतही मावावे, आणि घाट चढून बुलढाण्यापर्यंत पोचायला त्याला कोणत्याही रेल्वेची गरज लागली नाही. ते घरोघरी पोचवले कोणी, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत व्यक्तिचित्राच्या नायकापाशी येऊन थांबते. नवा संगणक बसवून दिला की ‘सर, एक पिक्चरचं टाकून देतो, फ्री आहे’ असे म्हणून तो ते आपणहून बसवून देई.

त्या काळच्या काही ब्रॉडबँड योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळात कितीही माहिती उतरवण्याची मुभा असे. परिणामी सेवानिवृत्त मुख्याध्यापक, किराणा दुकानदार आणि कापसाचे अडते अशा एरवी दहाला झोपणाऱ्या मंडळींच्या घरी दीडचा गजर होऊ लागला. रात्रभर सहा-सात सिनेमे एकदम उतरायला लावून घर झोपी जाई, आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत मध्येच केव्हातरी वीज जाई. वीज परत आल्यावर, अर्धवट लिहिली गेलेली फाइल धड आहे की नाही हे पाहण्यासाठी ते सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्याचा अंकी ठसा पहिल्यापासून तपासायला घेई. हार्ड डिस्कचा वाचक दांडा इकडून तिकडे धावत राही, आणि सकाळी पेन्शनचा अर्ज टाइप करायला बसलेल्या मुख्याध्यापकांना पडद्यावर केवळ वाळूचे घड्याळ दिसे.

अशा वेळी कॅबिनेट दुचाकीवर दोन माणसांच्या मध्ये ठेवून दुकानात आणले जाई. होणारा संवाद ठरलेला असे. ‘काय झालं सर?’ ‘अरे, हँग होऊन राह्यला लेका.’ यापुढे रुग्णाचा इतिहास विचारण्याची पद्धत या शास्त्रात नाही. तज्ज्ञ संगणक सुरू करतो, मोकळ्या पडद्यावर उजवी कळ दाबून ‘रिफ्रेश’ हा पर्याय सात-आठ वेळा निवडतो, ज्याने पडद्यावरची चित्रे पुन्हा रेखाटली जाण्यापलीकडे काहीही होत नाही, मग कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडतो आणि त्यातली एकही ओळ न वाचता तो बंद करतो. यानंतर निदान येते : ‘व्हायरस हाय सर. फॉरमॅट मारा लागते.’ जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीत निदान अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी धान्य मांडून रात्रभर थांबतात आणि पहाटे पाहणी करूनच पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. कॉम्प्युटरवाल्या भाऊला एवढ्या पुराव्याचीही गरज भासत नाही.

खरे तर त्या न वाचलेल्या टास्क मॅनेजरमध्येच बहुतेक उत्तर लिहिलेले असे. गोठण्याची कारणे एकाहून अधिक होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. २५६ मेगाबाइटच्या रॅमवर सहा-सात सिनेमे एकदम उतरू लागले की स्मरणपट्टी भरून जाई आणि संगणक तिचा भार हार्ड डिस्कवर टाकी, जी आधीच शेकडो तुकडे जागोजागी लिहिण्यात गुंतलेली असे. त्यातच प्रत्येक आलेला तुकडा तपासायला अँटिव्हायरस पुढे सरसावे, म्हणजे एकाच डिस्कवर तिघांची ओढाताण. विंडोज एक्सपीच्या २००४ मधल्या दुसऱ्या सुधारणेने, पलीकडून उत्तर न आल्यामुळे अर्धवट लटकलेल्या जोडण्यांवर एका वेळी दहाची मर्यादा घातली होती. टोरंट ती मर्यादा क्षणात गाठी, आणि साधे रेल्वेचे वेळापत्रक उघडायचे म्हटले तरी त्या मागणीला रांगेत उभे राहावे लागे. यावर भाऊकडे एक ‘पॅच’, म्हणजे विंडोजची मूळ फाइल बदलणारे ठिगळ होते, जे लावल्यावर संगणकावरची मर्यादा सुटे, पण आता शेकडो जोडण्यांची नोंद ठेवता ठेवता बिचारा मोडेम मान टाकी. शिवाय घरून बाहेर माहिती पाठवण्याचा मार्ग अरुंद असल्याने, टोरंटचे वाटप मोकाट सोडले की ‘मिळाले, पुढचे पाठवा’ ही पोचपावतीसुद्धा त्या गर्दीत अडके आणि येणारी माहितीही मंदावे. काझासारख्या सॉफ्टवेअरसोबत जाहिराती दाखवणारे आगंतुक प्रोग्राम येत, ते वेगळेच. म्हणजे ‘व्हायरस हाय’ हे निदान कधीकधी चुकून बरोबरही ठरे.

योग्य तपास फार अवघड नव्हता. ते सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून अर्धा तास संगणक वापरून पाहायचा; गोठणे थांबले तर आरोपी सापडला, न थांबले तर धूळ, पंखा, डिस्क यांच्याकडे वळायचे. आरोपी सापडल्यावर त्याला घराबाहेर काढण्याचीही गरज नसे : एका वेळी एकच फाइल, जोडण्यांची संख्या कमी, वाटपाचा वेग मार्गाच्या क्षमतेपेक्षा थोडा खाली, आणि संगणक सुरू होताच आपोआप सुरू होण्याची खूण काढलेली, एवढ्यावर काम भागे.

पण फॉरमॅटच होई. फॉरमॅट म्हणजे डिस्कचा सी हा भाग पुसून त्यावर विंडोज नव्याने बसवणे, आणि या विधीत भाऊ एक पथ्य कसोशीने पाळतो : सिनेमे ज्यात आहेत त्या डी ड्राइव्हला तो हात लावत नाही. सीमध्ये काय असते? मुख्याध्यापकांचे पेन्शनचे अर्ज, मुलीच्या लग्नपत्रिकेचा मसुदा, अडत्याचा टॅलीतला तीन वर्षांचा हिशेब, आणि कृतिदेव फाँट, ज्याच्या अभावी पेनड्राइव्हमध्ये वाचलेले मराठी पत्रही अगम्य चिन्हांची रांग होऊन समोर येते. ‘बॅकअप घेतला होता का?’ हा प्रश्न भाऊ विचारतोच, फक्त फॉरमॅट झाल्यावर विचारतो. मग ड्रायव्हर, फाँट, व्हीएलसी असे सर्व क्रमाने बसवून, शेवटी गिऱ्हाइकाच्या प्रेमाखातर तो यूटोरंटही पुन्हा बसवून देतो, आणि संगणकाबरोबर ते आपोआप सुरू व्हावे अशी खूणही राहू देतो. चार दिवस संगणक वाऱ्यासारखा चालतो, भाऊची कीर्ती आळीत पसरते, पाचव्या दिवशी डीमधले अर्धवट सिनेमे आठवतात.

यावरून त्याला लबाड ठरवणे अन्यायाचे होईल. तो रात्री नऊला फोन केला तरी येतो, दहावीच्या निकालाची प्रिंट फुकट काढून देतो, उधारी वहीत लिहितो आणि ती वही हरवतो. दोष निम्मा गिऱ्हाइकाचा आहे. दोन तास कॅबिनेट उघडे टाकून निळ्या पडद्यावर टक्केवारी सरकताना दिसली, तर तीनशे रुपये देताना हात आखडत नाही. पण त्याच भाऊने दोन मिनिटांत एक खूण काढून संगणक पूर्ववत केला असता, तर ‘एक बटन दाबल्याचे तीनशे?’ असा सवाल आला असता, आणि हा सवाल विचारणाऱ्यांत एरवी ज्ञानाचे मोल सांगणारे मुख्याध्यापकच आघाडीवर असते. शिवाय संगणकात काय उतरते आहे, हे गिऱ्हाईकही स्वतःहून सांगत नसे. प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे दोघांनाही माहीत नव्हते. २०१६ मध्ये ‘सैराट’ची चोरटी प्रत बाहेर फुटल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा भाऊच्या दुकानात त्या बातमीवर हळहळ व्यक्त करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पेनड्राइव्हमध्ये सिनेमा होता.

आता हा वर्ग पांगला आहे. लाइमवायर २०१० च्या ऑक्टोबरात न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले, एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, आणि नंतर मोबाइलवर फाइली वाटणारे ‘शेअरइट’ २९ जून २०२० च्या चिनी ॲपवरील बंदीत गेले. भाऊ आता पीकविम्याचे अर्ज भरतो, मोबाइलच्या काचा बदलतो, आणि पडदा अडकला की शांतपणे ‘सर्व्हर डाउन हाय’ असे सांगतो, जे निदान सहसा खरे असते आणि त्यावर फॉरमॅटचा इलाज चालत नाही, ही त्याची खंत आहे.

तरीही ज्यांच्या घरी टोरंट चालवणारा जुना संगणक अजून आहे, त्यांनी कॅबिनेट दुचाकीवर चढवण्यापूर्वी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एकदा पाहावे. खिडकीच्या वरची फुली दाबली म्हणजे ते सॉफ्टवेअर बंद होतेच असे नाही, बहुधा ते नुसते घड्याळाशेजारी जाऊन बसते आणि काम चालूच ठेवते; ते खरोखर थांबवायचे तर तिथल्या त्याच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘एक्झिट’ निवडावे लागते.