उतारावरचे तात्या

खेड तालुक्यात वाडीगणिक असा एक गृहस्थ सापडतो. त्याच्या दारात चारचाकी असते. ती कशेडी चढते, भोस्ते घाट उतरते, दापोलीला जाऊन येते. फक्त आपणहून चालू होत नाही. सोयीसाठी त्याला आपण तात्या म्हणू. 'गाडीला काय झालंय?' असं तात्यांना विचारायची सोय नसते. "काय व्हायचंय? एकदा चालू झाली की गोव्यापर्यंत बंद पडत नाही!" असं उत्तर येतं. ते खरंही असतं, कारण गोव्यापर्यंत तात्या ती बंदच करत नाहीत. वाटेत चहाला थांबले तरी टपरीसमोर इंजिन घरघरत असतं आणि तात्या एक पाय गाडीच्या दिशेने ठेवून फुर्रफुर्र चहा पितात.

तालुक्याचा भूगोल तात्यांना सर्वेयरपेक्षा जास्त पाठ. कुठल्या रस्त्याला किती उतार, तो कुठे संपतो, संपतो तिथे गडगा आहे की गटार, सगळं तोंडावर. खेडची बाजारपेठ जगबुडीच्या काठी, सपाट. हा तात्यांच्या मते पूर्वजांचा अक्षम्य हलगर्जीपणा. बाजार करायचा तर गाडी लांब चढावर लावून पिशव्या हातात. लग्नाची पत्रिका आली की मुहूर्त नंतर, आधी हॉलसमोरच्या रस्त्याची चौकशी. हॉल सपाटीवर असला तर आहेर शेजाऱ्याबरोबर जातो आणि तात्यांची कंबर धरते. पावसाळ्यात जगबुडी सात मीटरची धोक्याची पातळी गाठायला लागली की बाजारातले लोक आपापल्या गाड्या उंचावर न्यायला धावतात. तात्यांची तिथे आधीच उभी. "आम्ही आधीपासून विचार करतो," असं ते तेव्हा छत्रीखालून सांगतात, आणि नेमकं त्या दिवशी कोणी वाद घालत नाही.

दुखणं सुरू झालं एका शिमग्यात. पालखी दारात आली, तात्या नाचवायला धावले, हेडलाइट रात्रभर चालू राहिले. सकाळी सेल्फने नुसतं टक्‌ टक्‌ केलं. शेजाऱ्याच्या जीपवरून जंप घेतला, गाडी लागली, आणि तात्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपण मेकॅनिक आहोत असं वाटलं. त्याच दिवशी भरणे नाक्यावरून जाडजूड जंपर केबल आणली.

ती केबल लावताना त्यांचं सोवळं बघावं. लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग जिवंत बॅटरीच्या प्लसला. काळा जिवंतच्या मायनसला. आणि शेवटचा काळा? अडाणी माणूस तो मेलेल्या बॅटरीच्या मायनसला लावतो. तात्या तो इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब लावतात, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या चिमट्याची ठिणगी त्याला पेटवू शकते. हे सगळं अगदी बरोबर. तात्यांचा क्रम कधी चुकत नाही. त्यांचं उपचाराचं ज्ञान पक्कं, निदानापाशी मात्र गाडी अडते.

निदानं तशी पुष्कळ झाली. कोकणची दमट हवा. पंपावरचं पेट्रोल. वायर कुरतडणारे उंदीर. गेल्या वर्षी गाडीला न बांधलेलं लिंबू. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरली म्हणून तात्यांनी त्यावर कढत पाणी ओतलं. खेड गावातच गरम पाण्याचं कुंड, तेव्हा कढत पाण्यावर भरवसा उपजतच. भुकटी गेली, दुखणं राहिलं. मग खर्च करून नवीकोरी बॅटरी बसवली. दोन दिवस उत्तम. तिसऱ्या सकाळी टक्‌ टक्‌.

एव्हाना या दुखण्याने तात्यांना प्रतिष्ठा आणली होती. गणपतीत चाकरमानी आले आणि कुणाची गाडी अडली की तात्यांना बोलावणं. मुंबईचा पुतण्या ऑटोमॅटिक गाडी घेऊन आला तेव्हा तात्यांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "हिला धक्का मारून उपयोग नाही. आमची बघ. उतार, दुसरा गिअर, क्लच सोडला की लागली!" १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅकने विजेचा सेल्फ बसवला आणि हँडल मारायचे कष्ट संपवले. तात्यांच्या मते माणसाची अधोगती तिथूनच चालू झाली.

शेवटी पुतण्यानेच भरणे नाक्यावरच्या एका वायरमनला घरी आणला. पोरगा विशी-बाविशीतला, खिशात मीटर. तात्यांनी त्याला शिमग्यापासून इतिहास सांगायला घेतला. तो म्हणाला, "काका, जंप दिल्यावर लागते ना? मग इंजिन, सेल्फ, पेट्रोल तिन्ही ठीक. बॅटरी धरत नाही, की भरत नाही, की कोणी पितंय, एवढंच बघायचं." जंप देऊन गाडी चालू केली, मीटर लावला: चौदाच्या वर. अल्टरनेटर भरतोय. मग बॅटरी काढून दुकानात नेली, रात्रभर चार्ज केली. सकाळी १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी धरतेय. आता उरलं पिणारं.

बॅटरी परत बसवली. गाडी बंद, किल्ली तात्यांच्या मुठीत. पोराने मायनसची वायर सोडवून मध्ये मीटर जोडला. पन्नास मिलिअँपिअरच्या आत दिसायला हवं होतं. मीटर चारशेच्या वर. तो एकेक फ्यूज उपटत गेला. हॉर्न, टेप, वायपर, काही नाही. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि आकडा धाडकन खाली आला.

दारांवरचा दिवा विझलेला होता. पोरगा मागे गेला, वाकला आणि डिकीच्या फटीतून आत बघत राहिला. आत पाच वॉटचा छोटा दिवा सुखाने जळत होता. डिकी वरून बंद दिसत होती, पण लॉकचा दुसरा खटका बसलाच नव्हता. पाच वॉट म्हणजे साधारण ०.४ अँपिअर, पस्तीस अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन दिवसांत कोरडी करायला पुरेसं. आणि सेल्फला जोर लागतो, तो त्याच्या कितीतरी आधीच हात टेकतो.

"खटका का बसत नाही?" पुतण्याने विचारलं आणि डिकी उघडली. आत चाकाला लावायचे दोन जांभे दगड, एक दोरखंड, पाण्याचा कॅन, आणि या सगळ्यावर वेटोळं घालून, झाकणाला टेकलेली ती जाडजूड जंपर केबल.

पोराने केबल उचलली, डिकी आपटली, खट्‌ असा आवाज आला, दिवा विझला. पैसेसुद्धा त्याने अर्धेच मागितले. "केबल घरात ठेवा काका, सकाळी सेल्फवर लागेल."

तात्यांनी त्याच्या हातातून केबल घेतली, नीट वेटोळी केली आणि पुन्हा डिकीत ठेवली.

"घरात ठेवू?" ते म्हणाले. "आणि सकाळी नाही लागली तर?"