सेटभाऊ

ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची 1989 साली निघालेली वीस खंडांची आवृत्ती ज्यांनी चाळली असेल त्यांस ठाऊक असेल की, ‘सेट’ या इवल्याशा क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ सांगताना संपादक मंडळींना साठेक हजार शब्द खर्ची घालावे लागले; परंतु त्या विद्वानांपैकी एकाने जरी बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या तहसील कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर तासभर बैठक मारली असती, तर पुरवणी खंड काढल्यावाचून त्यांची सुटका नव्हती. कारण त्या टपरीवर सेटभाऊ बसतात.

सेटभाऊंचे खरे नाव रेशनकार्डावर असेल. गावाने ते केव्हाच खारीज केले आहे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने, त्यांतले एक चालणारे, आणि काखेतल्या फाइलीत दुसऱ्यांच्या सातबाऱ्यांच्या नकला, एवढ्या भांडवलावर घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन्ही मुलूख त्यांनी एका क्रियापदाच्या अमलाखाली आणला आहे. कोणाचा मुलगा पुण्यास नोकरीला लागला की तो ‘सेट’ होतो. सोयरीक जुळली की तीही सेट. विहिरीवरचा पंप तर जन्मतःच सेट, आणि तो जळाला तरी ‘सेट करू ना’ हे उत्तर तयार. थंडीच्या दिवसांत दही लागेना म्हणून घरची मंडळी कुरकुरली, तर त्यांनाही ‘सेट होऊन राहिलं’ एवढे आश्वासन मिळते. भाच्याची प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा हुकली तेव्हा, ‘सेट काही सेट झाली नाही,’ या एका वाक्यात त्यांनी त्या प्रकरणाचा निकाल लावला.

त्यांची खरी हुकमत मात्र फेरफाराच्या बाबतीत पाहावी. खरेदीखत नोंदवून आलेला, कचेरीच्या पायऱ्यांकडे पाहूनच घाम फुटलेला एखादा शेतकरी समोर येऊन हात जोडतो, ‘भाऊ, फेरफार कधी होईन जी?’ सेटभाऊ बशीतल्या चहावर फुंकर घालतात, जणू मनातल्या मनात साऱ्या दप्तराची झडती घेतात, आणि सावकाश म्हणतात, ‘पंधरा दिवसांत सेट. बिलकुल घोर करू नका.’ आता नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि कोणाची हरकत न आल्यास मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी, हा सरकारचाच शिरस्ता. पण मुदत उलटल्यावर नोंद प्रमाणित झाली की त्याचे श्रेय सेटभाऊंच्या खाती जमा होते, आणि कोणा चुलत्याने हरकत घेतलीच तर ‘आपल्याकून सेट होतं, चुलत्यानं घोळ केला’, म्हणजे दोष त्यांच्या नावे चढतच नाही. हे क्रियापद त्यांच्या तोंडी नेहमी कर्त्यावाचून येते, त्यातच त्यांच्या शास्त्राचे सारे मर्म आहे. गोष्टी सेट होतात, त्या करतो कोण, हा प्रश्न विचारण्याची सोय त्यात नाही.

निसर्गही या अमलातून सुटलेला नाही. अक्षय्य तृतीयेस भेंडवळला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पीकपाण्याचे भाकीत ऐकण्यास लोक शेतात गोळा होतात. तेथून परतलेले सेटभाऊ दुपारपर्यंत साऱ्या तालुक्यास ‘यंदा पाऊस सेट हाय’ अशी वर्दी देतात. पुढे मृग कोरडा गेला तर ढगांबद्दल त्यांची तक्रार नसते, वाऱ्याबद्दल असते. खामगाव–जालना लोहमार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासूनची. तोही त्यांच्या हिशेबी कधीचा सेट झालेला आहे, फक्त रूळ तेवढे टाकायचे राहिले आहेत.

त्यांना लबाड म्हणण्यास माझे मन धजत नाही. ते पैसे घेत नाहीत, कचेरीतला शिपाईसुद्धा त्यांना नीटसा ओळखत नाही, आणि स्वतःच्या वडिलोपार्जित दोन एकरांची वाटणी भावाशी चाललेल्या दाव्यात तारखांवर तारखा खात पडली आहे; तिच्याविषयी विचारले असता हा वाचाळ गृहस्थ चहावाल्याकडे वळून साखर कमी पडल्याचे सांगतो. पण कचेरीची पायरी चढण्यापूर्वी भेदरलेल्या माणसास थोडा धीर हवा असतो, तो देण्याची तरतूद सरकारी नियमांत नसल्यामुळे ती जागा यांनी बिनपगारी भरून काढली आहे, असे माझे मत आहे.

तेव्हा वाचकहो, त्या बाजूस आपले काम निघालेच, तर अर्जाची पोच स्वतः घ्या, पेशीची तारीख स्वतःच्या हाताने टिपून ठेवा, आणि सेटभाऊंना चहा मात्र अवश्य पाजा.