अरबी समुद्रास, कोरड्या बंदराच्या रहिवाशाकडून

प्रति,
श्रीमान अरबी समुद्र महाशय,
मुक्काम महाराष्ट्राची पश्चिम सरहद्द

विषय : जालना जिल्ह्यास किनारा मंजूर करणेबाबत, तसेच सदर अर्ज याच पत्राने मागे घेणेबाबत.

महाशय,

आपला व आमचा पूर्वपरिचय नाही, आणि तो असण्याचे काही कारणही नाही. कारण निजामाच्या अमलात असताना, पुढे औरंगाबाद जिल्ह्याचा तालुका असताना आणि 1 मे 1981 पासून स्वतंत्र जिल्हा म्हणून मिरवताना आमच्या गावी आपला उल्लेख जर कोठे नित्य होत असेल, तर तो रेल्वेस्थानकाच्या पिवळ्या पाटीवर, जेथे गावाची उंची आपल्या सपाटीपासून मोजून लिहिलेली असते. सुमारे 500 मीटर उंचावर बसलेल्या माणसाने खाली पाहून काही मागावे, हे शिष्टाचारास धरून नाही, हे मी जाणतो. तथापि डिसेंबर 2015 मध्ये दरेगावच्या शिवारात ‘ड्राय पोर्ट’ची, म्हणजे कोरड्या बंदराची, पायाभरणी झाली आणि आमची स्थिती मोठी चमत्कारिक होऊन बसली. सळया आणि बियाणे यांसारख्या आमच्या मालाचे जकातीचे सोपस्कार येथेच उरकावेत आणि सीलबंद पेट्या थेट न्हावाशेव्याच्या बंदरास रवाना व्हाव्यात, ही योजना व्यवहाराच्या दृष्टीने निर्दोष असेल. परंतु ज्या गावाला बंदराचा मान मिळाला, त्याच्या वाट्याला भरती, ओहोटी, खारा वारा आणि मासळीचा वास यांपैकी काहीच येऊ नये, हा कोणता न्याय?

आपल्या बाजूची कैफियतही मला ठाऊक आहे. पूर्णा, दुधना, कुंडलिका या आमच्या साऱ्या नद्या गोदावरीस मिळतात, आणि गोदावरी आपल्याकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागराची वाट धरते. अर्थात पावसाचे कर्ज घ्यावे आपल्याकडून आणि फेड करावी भलत्याच्याच दारी, असा हा बेइमानीचा व्यवहार शतकानुशतके चालू आहे. मात्र कर्जाच्या रकमेविषयी आम्हांसही थोडे बोलायचे आहे. आपण धाडलेले ढग सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर मनसोक्त रिते होतात आणि उरलेसुरले, वर्षाकाठी 700 मिलिमीटरच्या आतबाहेर, आमच्या पदरी पडते. तेही न पडल्यास पैसेवारी घसरते आणि पुढचा उन्हाळा टँकरच्या मागे जातो.

मंजुरी मागण्यापूर्वी मालाचा नमुना पाहावा, हा आमच्या व्यापारी गावाचा रिवाज असल्यामुळे मी माघातल्या एका रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघून पहाटे ठाण्यास उतरलो आणि लोकलने ऐरोली गाठून तेथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात दाखल झालो. एकटाच गेलो, कारण चिखल पाहण्यासाठी चारशेहून अधिक किलोमीटर जाण्यास घरातून कोणी सिद्ध झाले नाही. वद्य चतुर्थी होती. होडीवाल्याने पंचांगातली तिथी पाऊणपट करून भरती तीनच्या सुमाराची सांगितली, आणि कृष्णपक्षाचा उपयोग उपवासापलीकडेही आहे, हे मला प्रथमच कळले.

“काका, कुठून आलात?”

“जालन्याहून.”

“तिकडं कुठला आलाय समुद्र?”

“समुद्र नाही, बंदर आहे.”

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि सौजन्याने विषय बदलला.

होडीस अवकाश होता म्हणून तिवरांच्या बनातून बांधलेल्या लाकडी वाटेने हिंडलो. तूर कापल्यावर वावरात धसकटे उभी राहावीत, तशी तिवरांची श्वसनमुळे चिखलातून वर डोके काढून उभी होती. चिखलात प्राणवायू नाही, म्हणून मुळांनीच वर येऊन श्वास घ्यायचा, ही त्या वृक्षाची व्यवस्था. एका पानाची पाठ जिभेला लावून पाहिली, तो खरोखरीचे मीठ! मुळांनी शोषलेला जादा क्षार तिवर पानावाटे बाहेर टाकतो. खाली निवटी नावाचा मासा परांच्या आधाराने चिखलावर खुशाल चालत होता आणि माझी चाहूल लागताच बिळात दडत होता. पाण्याचा प्राणी पाण्यावाचून इतका प्रसन्न राहतो हे पाहून, मराठवाड्याच्या नियोजनावर त्याचा सल्ला घ्यावा, असे मनात आले.

दुपारी होडी निघाली आणि आपले खरे ऐश्वर्य दृष्टीस पडले. कच्छच्या रणात जन्मलेले धाकटे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हिवाळ्यात या ठाण्याच्या खाडीवर उतरतात. त्यांची गणना लाखाच्या घरात जाते. मान खाली घालून, चोच उलटी धरून, जिभेने पाणी आत ओढीत आणि चोचीच्या चाळणीतून बाहेर सोडीत ते सूक्ष्म शेवाळ टिपीत होते, आणि त्याच शेवाळातले रंगद्रव्य त्यांच्या पंखांवर गुलाबी होऊन उतरते. हे शेवाळ खाडीत एवढे माजले, त्याच्या कारणांत महानगराच्या सांडपाण्याचाही वाटा अभ्यासक सांगतात. आपल्या पंक्तीत हे कसले पक्वान्न वाढले जाते, याची आपणांस कल्पना असेलच.

अशा आपल्या चिखलाचा दरबारी मानमरातब केवढा! 6 ऑगस्ट 2015 रोजी सुमारे 1690 हेक्टरांचे अभयारण्य जाहीर झाले. 2018 साली उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला ठरविला. आणि इराणातील रामसर येथे 1971 साली झालेल्या कराराच्या यादीत 2022 साली ठाण्याची खाडी दाखल झाली. सनदा हव्या तेवढ्या आहेत. परंतु होडीतून काठाकडे नजर टाकली, तर खाडीचा श्वास कोंडेल अशा बेताने इमारती उभ्या आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या पोटात आमच्याच जालन्याच्या सळया असतील, या विचाराने मला त्यांच्याकडे धड रागानेही पाहता येईना. 20 मे 2024 रोजी घाटकोपरवर उतरत्या विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले. त्याच वर्षी नेरूळच्या तळ्यात भरतीचे पाणी येण्याची वाट बुजल्याची तक्रार गाजली. दिवसातून दोनदा स्वतःच्या पायांनी येणाऱ्या समुद्रालाही जेथे दार बंद होते, तेथे आमच्यासारख्या नवख्या जिल्ह्यास किनारा मिळून तो किती दिवस टिकणार?

शिवाय पाणथळ जागेचे आम्ही काय करतो, याचा आमचा दाखलाही फारसा अभिमानास्पद नाही. शहराची तहान भागविण्यासाठी निजामी अमलात बांधलेला घाणेवाडीचा जलाशय गाळाने भरत गेला, तेव्हा नागरिकांनाच वर्गणी काढून तो उपसावा लागला. ज्याचे पाणी जलवाहिनीने आमच्या नळांस येते, तो पैठणचा नाथसागर 1976 साली पुरा झाला आणि 1986 साली 341 चौरस किलोमीटरांचे पक्षी अभयारण्यही ठरला; तरी आमच्या लेखी तो अजून टक्केवारीचा आकडाच आहे. पाणी 26 टीएमसीच्या खाली गेले, की वर्तमानपत्रे त्यास मृतसाठा म्हणतात. परंतु पाणी मागे हटून जो उथळ, गाळाचा काठ उघडा पडतो, त्याच काठावर मोठे रोहित आणि चक्रवाक चरत असतात. तोच काठ गाळपेरीसाठी नांगरलाही जातो, आणि पोटापाण्यासाठी नांगर धरणाऱ्याला दोष देण्याची माझी छाती नाही. मात्र त्या चिखलाचा दुसराही कोणी हिस्सेदार आहे, याची नोंद आमच्यापैकी फारच थोड्यांनी ठेवली आहे.

सबब, किनारा मंजूर करण्याविषयीचा अर्ज याद्वारे मागे घेण्यात येत आहे. आपण आहात तेथेच असावे. आमचे बंदर कोरडेच राहू द्यावे. ढग मात्र थोडे अधिक धाडावेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक जालनेकर

प्रत : समस्त जालनेकरांस, योग्य त्या कार्यवाहीसाठी. नाथसागराचे पाणी आपण रोज पितो. हिवाळ्यात एकदा अंबडच्या रस्त्याने पैठणकडे जाऊन ते पाहूनही यावे. त्यासाठी मुंबईची गाडी धरावी लागत नाही.