गच्चीचा दाह आणि मक्त्याचा प्रश्न

नागपुरात वैशाखमासी पारा 45 अंशांपलीकडे गेला, म्हणजे दिवसभर प्राशन केलेले सूर्यतेज रात्री निद्रिस्त गृहस्थाच्या अंगावर परत करण्याचा आपला धर्म काँक्रीटचा स्लॅब ज्या निष्ठेने पाळतो, ती पाहून वरच्या मजल्यावरील प्रत्येक कुटुंबप्रमुखाच्या ठायी एक सुप्त स्थापत्यविशारद जागृत होतो. कळीचा चुना भिजवावा, त्यात फेविकॉल कालवावे आणि तो लेप दस्तुरखुद्द कुंच्याने फासावा, ही तजवीज स्वस्त खरी, आणि शुभ्र पृष्ठभाग ऊन परतवतो हे शास्त्रही निर्विवाद. मात्र मृगाच्या सरींनी तो लेप खालच्या शेजाऱ्याच्या मोटारीवर उतरला, की स्वावलंबनाच्या तत्त्वज्ञानाला सोसायटीच्या सभेत जाब द्यावा लागतो.

सबब मक्तेदारास पाचारण करावे, तर तो गच्चीचा जिना न चढताच विटांच्या तुकड्यांचा कोबा व त्यावर चिनी मातीच्या फुटक्या फरश्यांचे जडावकाम फर्मावतो, हमीचा कागदही तत्परतेने लिहून देतो. त्या कोब्याचा भार जुन्या स्लॅबास पेलवेल किंवा कसे, हा क्षुल्लक तपशील तेवढा त्याच्या अंदाजपत्रकात आढळत नाही. (तो विचारण्यासाठी जो अभियंता लागतो, त्याची फी ही आमच्याकडे उधळपट्टी समजली जाते.) माझ्या मते चुना आपला आपणच लावावा आणि कोब्याचे काम जाणकाराकडे सोपवावे; परंतु व्यवहारात बहुधा याच्या नेमके उलट घडते, आणि आषाढात छताला ओल आली की उभयपक्षी दोष पावसाच्या नावे खर्ची पडतो.