आमच्या वाट्याचा बर्फ

बसा, चहा टाकलाय. तुम्हीही परदेशात दिवाळी केली असेल तर माझी निम्मी तक्रार तुम्हाला ठाऊकच आहे. उरलेली निम्मी ऐका.

आधी तारखेचं घेऊ. २०२४ साली अमावास्या दोन दिवसांत विभागली गेली. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला दिलं. आम्ही न्यू जर्सीवाले भारताच्या साडेनऊ तास मागे, त्यामुळे आमची अमावास्या १ तारखेच्या सकाळीच संपणार होती. म्हणजे पूजा ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, ऐन हॅलोविनला. लक्ष्मीसाठी दार उघडं ठेवलं, तर दारात सांगाडा, चेटकीण आणि एक भोपळा चॉकलेट मागत उभे. आई फोनवर म्हणाली, "अरे, पूजा उद्या आहे ना?" आमच्या मंडळाने मात्र दोन्ही पक्षांना समान न्याय दिला. सार्वजनिक दिवाळी १६ नोव्हेंबरला ठेवली, कारण शाळेचा हॉल त्या शनिवारी रिकामा होता. आदल्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमासुद्धा उरकली होती. चालायचंच. हॉलमध्ये ज्योत पेटवायला मनाई, म्हणून पणत्या बॅटरीवरच्या. तेही मी निमूटपणे सोसलं.

पण फराळाच्या तक्त्याबद्दल गप्प बसणं आता शक्य नाही.

'कोण काय आणणार' असा एक ऑनलाइन तक्ता मंडळाच्या ग्रुपवर येतो. तो कधी येतो, हे फक्त समितीला माहीत. आपण उघडून बघेपर्यंत चकली गेलेली असते, चिवडा गेलेला असतो, अनारशांसारखा जोखमीचा पदार्थसुद्धा कुणीतरी उचललेला असतो. खाली दोनच रकाने रिकामे राहतात, पेपर प्लेट्स आणि बर्फ. दरवर्षी माझं नाव त्यांतल्याच एका रकान्यात जातं. त्या वर्षी बर्फ आला. सकाळी गाडीच्या काचेवर गोठलेलं दव खरवडायचं आणि संध्याकाळी दुकानातून बर्फाची पिशवी विकत घेऊन हॉलवर हजर व्हायचं, अशी ही जबाबदारी. हॉलमध्ये लोक कोट न काढता चहा पीत होते. पिशवी जशी नेली तशी परत आली.

आता तुम्ही म्हणाल, चकलीला लवकर नाव द्यावं. तक्ता यायच्या आधीच देऊन पाहिलं. समितीतल्या दादांनी प्रेमाने समजावलं, "चकली वहिनींकडेच असते रे." अशी ही इनामी जमीन. सेवाज्येष्ठतेचा निकष कुठला, नियुक्ती कधी झाली, हरकती मागवल्या होत्या का, यावर समितीचं मौन आहे.

माझी पात्रताही नोंदवून ठेवतो. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूगडाळ, धणे, जिरे, सगळं वेगवेगळं भाजून मी घरी भाजणी करतो. मोहन बेताचं, कारण जास्त झालं तर चकली तेलात विरघळते आणि कमी झालं तर दातांना हरवते. सोऱ्या आईने दिलेला, पितळी. पहिला घाणा तेलात सोडला की छतावरचा धुराचा अलार्म कोकलतो. मग घरातलं एक माणूस त्याच्याखाली टॉवेल हलवत उभं राहतं. इतक्या प्रतिकूल परिस्थितीत कुरकुरीत चकली करणाऱ्याला बर्फ दिला जातो.

आणि आता पुरावा. १६ तारखेला वहिनींनी स्टीलचा मोठा डबा उघडला. हॉलभर वाहवा झाली. मी एक चकली हातात घेतली, मग दुसरी, मग तिसरी. तिन्हींचे वेढे सारखे, काटे सारखे, रंग सारखा. घरच्या चकलीचं शेवटचं टोक बोटाने दाबलेलं असतं, नाहीतर तळताना ती सुटते. तिथे बोटाची खूण राहते. या चकल्यांना बोट लागलेलंच नव्हतं. एडिसनच्या ओक ट्री रोडवर तशाच चकल्या पाकिटात मिळतात. मी कुणावर आरोप करत नाही. फक्त पाकिटातून डब्यात झालेल्या या स्थलांतराची चौकशी व्हावी, एवढंच म्हणतो. त्या वेळी मी बोललो नाही, कारण वहिनी शेजारीच उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "घ्या ना भावोजी, संकोच करू नका. तुम्हाला कुठे मिळणार घरची चकली!"

मी चार खाल्ल्या. चौकशीसाठी नमुना पुरेसा हवा.

तरी पुढल्या वर्षी ज्यांच्या तक्त्यात चकलीपुढचा रकाना रिकामा असेल, त्यांनी कृपया कळवावं. भाजणी आणि सोऱ्या घेऊन मी स्वखर्चाने येईन. बर्फाची सोय तेवढी आपापली करावी.