हुद्दा बदलून मिळेल

नवरात्राच्या आधी मराठी घरांत माळा उतरवतात. ‘या वर्षी निम्मं काढून टाकायचं’ अशी घोषणा चहाच्या वेळीच झालेली असते. मुलगा स्टुलावर चढून एकेक वस्तू खाली देतो, आई ती ओल्या फडक्यानं पुसते, वडील ‘ही कुठली?’ असं विचारत सगळ्यांच्या मध्ये उभे राहतात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तू लख्ख होऊन आपापल्या जागी परत जातात. टाकून द्यावं असं शेवटी एकच उरतं, ते काळंकुट्ट झालेलं फडकं. तेही धुऊन वाळत पडतं. लागेल कधीतरी.

वस्तू तरी कसल्या? कधीच्याच मोडीत गेलेल्या कुकरची शिट्टी. नोकियाचे दोन चार्जर, फोन नाहीत. टीव्हीचं थर्माकोलसकट जपलेलं खोकं. टीव्ही गेला, पण घर बदलायची वेळ आली तर खोकं हवं. सुतळीनं बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक 1909 साली काढला, तेव्हापासून मराठी वाचकाची अभिरुची वाढली की माळ्यावरचा भार, यावर वाद घालता येईल. अंक रद्दीत द्यायला काढावेत, तर घरातलं कुणीतरी त्यातला एक उघडून तिथंच मांडी घालून बसतं, आणि मोहीम अडीच तास स्थगित होते.

अशा घरात मारी कोंडो या जपानी बाईंचं घर आवरण्यावरचं पुस्तक सहसा सुनेच्या हातून येतं. 2014 मध्ये ते इंग्रजीत आलं आणि 2019 च्या जानेवारीत त्यांचा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर झळकला. पद्धत सोपी आहे. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागदपत्रं, मग किरकोळ सामान आणि सर्वांत शेवटी आठवणींच्या वस्तू, या क्रमानं सगळं बाहेर काढायचं. एकेक वस्तू हातात घ्यायची. आनंद झाला तर ठेवायची, नाही तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा.

स्वयंपाकघरात ही पद्धत पहिल्या पाच मिनिटांत अडकते. किसणी हातात घेऊन आनंद झालेला माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही. सांडशीबद्दलही तेच. बरं, आनंद नेमका कुणाला व्हायला हवा? कोंडोबाईंच्या हिशेबात एका वस्तूला एकच मालक असतो. मराठी घरातल्या साध्या पातेल्याला निदान चार असतात, आणि त्यांतले दोन कैलासवासी.

ते पातेलं जरा जवळून पाहावं. काठाच्या खाली, बारीक ठिपक्याठिपक्यांनी, एक ओळ कोरलेली असते : ‘चि. सौ. कां.’ पासून सुरू होणारं नाव, ‘हिस आत्याकडून सप्रेम भेट’ आणि तारीख. भांड्यांच्या दुकानात बिल झालं की दुकानदार विचारायचाच, ‘नाव काय घालायचं?’ मग तो गुरगुरणारं छोटं यंत्र हातात धरून स्टीलवर अक्षरं उमटवायचा. एकदा नाव पडलं की ते पातेलं राहत नाही, त्याचा सातबारा होतो. बूड बसलं, कड चेपली, तरी आत्याचं नाव भंगारात कसं घालणार? त्यातून आत्या हयात असतील आणि चतुर्थीला जेवायला येत असतील, तर विचारायलाच नको.

कपड्यांची कथा वेगळी. मराठी घरात कपडा टाकला जात नाही, त्याचा हुद्दा बदलतो. नऊवारी लुगडं विरलं की गोधडीत भरती होतं. गोधडी झिजली की दाराशी पायपुसणं म्हणून रुजू होते. वडिलांचा बनियन आधी ओट्यावर, मग फरशीवर आणि शेवटी स्कूटरच्या डिकीत बदली होऊन जातो. तिथून पुढे निवृत्तीच. तोवर मूळ कपड्यातला धागा कमी आणि भोकं जास्त झालेली असतात.

यातूनही जे उरतं त्यावर बोहारणीचा हक्क. दुपारी ती दाराशी बसते, पँट उजेडात धरून गुडघे तपासते, शर्टाची कॉलर उलटून बघते आणि तोंड वाकडं करते. तिला हवी असते जरीची साडी. जुन्या जरीत चांदी असते, हे तिला घरच्या लोकांपेक्षा चांगलं ठाऊक. तासभर घासाघीस होते. अखेर कपाटातला गठ्ठा जातो आणि स्वयंपाकघरात नवं पातेलं येतं. पसारा कमी झाल्याचं समाधान सगळ्यांना मिळतं, आणि पातेलं ठेवायला जागा नसल्यामुळे ते माळ्यावर चढतं.

स्टीलची लाट आली तेव्हा याच चालीनं तांब्या-पितळेचे बंब आणि घंगाळी वजनावर मोडीत गेली. कल्हई नको, चिंच लावून घासणं नको, म्हणून सासवासुनांचं तेवढ्यापुरतं एकमत झालं होतं. आता त्यांची नातवंडं पुण्याच्या जुन्या बाजारात तसलाच बंब भाव न करता विकत घेतात आणि बाल्कनीत त्यात मनी प्लांट लावतात.

कमी वस्तूंत राहण्याची महती सांगणारे परदेशातही पूर्वीपासून आहेत. हेन्री डेव्हिड थोरो 1845 ते 1847 वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला. त्याच्या टेबलावर चुनखडीचे तीन दगड होते. ते रोज पुसावे लागतात हे लक्षात येताच त्यानं ते खिडकीबाहेर फेकले. मराठी घरात ते नर्मदेतले गोटे ठरून देव्हाऱ्यात गेले असते, आणि मग रोज नुसते पुसून भागलं नसतं, आंघोळही घालावी लागली असती.

खुद्द कोंडोबाईंचंही पुढे काय झालं पाहा. टाका, टाका म्हणून जगाची कपाटं रिकामी केल्यावर 2019 च्याच नोव्हेंबरात त्यांनी सामान विकायचं ऑनलाइन दुकान काढलं. स्फटिक आणि त्यावर वाजवायचा नादकाटा अशी जोडी तिथं 75 डॉलरला होती. 2023 मध्ये, तिसरं मूल झाल्यावर, त्यांनी घर आवरण्याचा नाद जवळपास सोडल्याचं सांगितलं. ही बातमी वाचून अनेक सासूबाईंना जो आनंद झाला, तो हातात कुठलीही वस्तू न घेता झाला.

आणि गांधीजी? अपरिग्रहाचं त्यांच्याहून मोठं नाव नाही. पण काकासाहेब कालेलकरांनी 1915 च्या मुंबई काँग्रेसच्या वेळची एक हकिकत लिहून ठेवली आहे. गांधीजी कासावीस होऊन काहीतरी शोधत होते. काय, तर पेन्सिलीचा तुकडा. कालेलकरांनी आपली पेन्सिल पुढे केली, ती चालेना. मद्रासच्या नटेसनांच्या लहान मुलानं प्रेमानं दिलेला तो तुकडा होता, तोच हवा होता. शेवटी सापडला. दोन इंचही भरत नव्हता. म्हणजे देणाऱ्याचं नाव लागलेली वस्तू त्यांच्याच्यानंही सुटेना. पुढे 2009 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला त्यांचा चष्मा, घड्याळ, चपला आणि ताट-वाटी यांचा लिलाव झाला आणि बोली गेली 18 लाख डॉलरवर. आत्याच्या पातेल्याला एवढा भाव येणार नाही, पण ‘टाकू नकोस’ म्हणणाऱ्या आजीला दाखवायला दाखला पक्का मिळाला.

मराठी कुटुंबाला निवड करायला लावणारी सत्ता या जगात एकच, विमान कंपनी. मुलगी शिकायला अमेरिकेला निघते, बॅगेमागे 23 किलोंची मुभा असते आणि हॉलमध्ये हातकाटा लटकतो. मग खरी आवराआवर सुरू होते. पुस्तकं निघतात, बूट निघतात, उशी निघते. लोखंडी तवा निघत नाही. पुरणयंत्राबद्दल मुलगी म्हणते, ‘अगं आई, मी पुरण कधी केलंय?’ आई म्हणते, ‘म्हणूनच ने.’

विमानतळावर काटा 23 किलो 800 ग्रॅम दाखवतो. काउंटरवरची मुलगी काहीतरी कमी करा म्हणते. बॅग तिथंच फरशीवर उघडली जाते, मागची रांग वाकून आत बघते. आई चिवड्याची पिशवी बाहेर काढते, हातात तोलते आणि परत ठेवते. मग थंडीचा जाड कोट ओढून काढते आणि मुंबईच्या ऑगस्टातल्या उकाड्यात लेकीला सांगते, ‘हा अंगात घाल. आणि हो, खिशात लाटणं ठेवलंय, वाकताना जपून.’