निवृत्त धुराडे

चूल गेली, गॅस आला, ही मालवण किनाऱ्यावर आता कुणाला सांगायची गोष्ट राहिलेली नाही. पेच उरतो तो वरच्या भोकाचा. चुलीवर कौलांत जे धुराडे होते, त्याचे करायचे काय?

आमच्या चुलतभावाने ते सिमेंटने बुजवले. धूर नाही तर धुराडे कशाला? शिवाय तिथून पाणी गळते, उंदीर उतरतात. काकी एवढेच म्हणाली, "अरे, घराक वारो खयसून येतलो?" पण पंच्याऐंशीच्या माणसाचे घरात ऐकतात ते बांगड्याच्या तिकल्यात तिरफळे किती घालायची, एवढ्यापुरतेच.

मग पाऊस आला. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जांभा चिरा पाणी पितो आणि सावकाश सोडतो. पूर्वी चुलीच्या उबेने ती ओल वर चढून धुराड्यातून निघून जायची. धूरही जाता जाता वाशांवर काजळीचा थर देऊन किडीला लांब ठेवायचा. भोक बुजले आणि गोकुळाष्टमीपर्यंत भिंतीवर बुरशी, डाळीच्या डब्यांना कुबट वास, सोलांना ओल.

हे कोकणापुरतेच नाही. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ च्या विषारी धुक्यानंतर १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, कोळशाच्या शेगड्या हळूहळू विझल्या आणि रिकामी धुराडी मागे उरली. तिथले जाणते गवंडी ती ठार बुजवत नाहीत. वर पाऊस अडवणारी टोपी, खाली भिंतीत जाळी, आणि मधून वारा खेळता. तो कोंडला की जुन्या काजळीतले क्षार हवेतली ओल शोषतात आणि कितीही रंग दिला तरी भिंतीवर तपकिरी डाग उमटतात. निवृत्त हेडमास्तरांसारखे आहे हे. काम नसले तरी रोज एक फेरी मारू द्यावी लागते, नाहीतर त्रास घरातल्यांनाच.

म्हणून कुणी चूल परत मागू नये. फुंकणी फुंकून डोळे चुरचुरले ते काकीचे. धुराचे गुणगान करणारे बहुधा पडवीत बसून आयते जेवलेले असतात.

गंमत अशी की भोक बुजवणाऱ्या भावाने त्याच महिन्यात ओट्यावर विजेची चिमणी बसवली. बांगडे तळल्याचा वास नको म्हणून. तिच्या पाइपासाठी चिऱ्यात नवे भोक पाडून घेतले, पैसे मोजून.

शेवटी मेस्त्री आले. सिमेंट फोडून त्यांनी तिथे हवेचे कौल बसवले: मापाने मंगलोरी कौलाएवढेच, पण वर उचललेली झापड असलेले. पाऊस समुद्राकडून येतो म्हणून झापडीचे तोंड पूर्वेला. आत बारीक जाळी. समोरच्या भिंतीत जमिनीपासून हातभर वर एक झरोका, कारण खालून हवा आत आल्याशिवाय वरून जाणार कुठली?

काकी खुर्ची टाकून सगळे बघत होती. मेस्त्रींनी विचारले, "काकी, आता बरां झालां मां?"

"झालां. पण झरोक्याकय जाळी लाव. बांगडे तळूक घेतले काय मांजर खयसूनय येतला."